जांभळाचा तांबेरा : वेशीबाहेर आहे तोवर ओळखून ठेवा



तांबेरा म्हणजे काय, हे ऊस लावणाऱ्याला सांगायला नको. आडसाली ऊस तीन-चार महिन्यांचा होतो, आभाळ आठ-आठ दिवस उघडत नाही, आणि मग पानाच्या खालच्या अंगाला बारीक लांबट ठिपके उठू लागतात. पानावरून बोट ओढलं की बोटाला विटकरी भुकटी लागते. ती भुकटी म्हणजेच बुरशीचं बी. वाऱ्यावर उडतं, शेजारच्या फडात पडतं, आणि पान ओलं मिळालं की रुजतं.

या अंकातला पाठ तांबेऱ्याचाच आहे, पण उसाच्या नव्हे, जांभळाच्या. आणि आधीच सांगून टाकतो : हा तांबेरा आपल्या जांभळावर अजून रुजलेला नाही. मागच्या गट बैठकीत हा विषय काढला तेव्हा एक वडीलधारे सभासद म्हणाले, "जे आलंच न्हाई, त्याचा धडा कशापायी गिरवायचा, साहेब? आलं म्हंजे बघू की."

आबांचा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर चार वाक्यांत देता येण्यासारखं नव्हतं, म्हणून हा लेख.

बहाडोलीला कशासाठी गेलो

गेली दोन वर्षे आपले बरेच सभासद बांधावर आणि पाणथळ तुकड्यांत जांभूळ लावायचं म्हणताहेत. विचार चांगला आहे. ऊस पिवळा पडतो अशा चोपण, पाणी साचणाऱ्या जमिनीतही जांभूळ तग धरतं. फळाला भाव आहे, फुलोऱ्यावर मधमाश्या येतात, लाकूड पाण्यात लवकर कुजत नाही. कलमं कुठून आणायची, एवढाच प्रश्न होता. तो सोडवायला आम्ही काही सभासदांना घेऊन जूनच्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात गेलो.

मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यावर मनोरच्या बाजूला, वैतरणेच्या खोऱ्यात बहाडोली हे गाव आहे. इथलं जांभूळ टपोरं, गराला भरपूर, बी लहान. त्याला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. डहाणू-घोलवडच्या चिकूला ते २०१६ साली मिळालं होतं; आता त्याच जिल्ह्यातल्या जांभळालाही मिळालं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने इथल्याच झाडांतून निवड करून 'कोकण बहाडोली' हे वाण दिलं आहे.

तिथे आम्ही काय पाहिलं? उंचच उंच जुनी झाडं, भोवती बांबू बांधून केलेली परांची, आणि त्यावर चढून एकेक फळ हाताने तोडणारी माणसं. फळ खाली पडलं की त्याची किंमत गेली. हंगाम जेमतेम महिनाभराचा, आणि पावसाने गाठलं तर तेवढाही नाही. पण त्या महिन्याभरात जे हाती येतं, त्यावर घराचा पावसाळ्याचा बाजार आणि पोरांची वह्या-पुस्तकं होतात.

एका झाडाखाली बसलेल्या बागाईतदार काकांना आम्ही विचारलं, "हे झाड कोणी लावलं?" ते म्हणाले, "आजोबांच्या आधीपासून आहे. लावलं कोणी ते ठाऊक नाही, राखलं मात्र आम्ही." हे वाक्य आम्ही मनात घेऊनच परतलो. ऊस गेला तर पुढच्या वर्षी दुसरी लावण करता येते. शंभर वर्षांचं जांभूळ गेलं तर ते आपल्या हयातीत परत उभं राहत नाही.

हा रोग आहे तरी काय?

जांभूळ, पेरू, लवंग, नीलगिरी, जाम, गुलाबजांभ, बागेतला बॉटलब्रश ही सगळी एकाच कुळातली झाडं. या कुळाला इंग्रजी नावावरून मिर्टल कुळ म्हणतात आणि त्यावर पडणाऱ्या तांबेऱ्याला 'मिर्टल तांबेरा'. बुरशीचं शास्त्रीय नाव ऑस्ट्रोपुक्सिनिया सिडी. ब्राझीलमध्ये १८८४ साली पेरूच्या झाडावर तिची पहिली नोंद झाली. मूळची ती दक्षिण अमेरिकेतली.

उसाच्या तांबेऱ्याशी तिचं नातं जवळचं आहे, पण तीन गोष्टींत ती वेगळी आहे. त्या नीट ध्यानात घ्या.

पहिली गोष्ट. उसाचा तांबेरा उसापुरता. गव्हाचा गव्हापुरता. एका पिकावरचा दुसऱ्यावर सहसा जात नाही. हा मात्र एका कुळातल्या चारशेहून अधिक जातींच्या झाडांवर जगात आढळला आहे. एका जातीचं झाड तोडून त्याचा नायनाट होत नाही, तो दुसऱ्यावर जाऊन बसतो.

दुसरी गोष्ट. तो जून पानाला हात लावत नाही. कोवळी पालवी, शेंड्याची डिरी, कळी, फूल, हिरवं फळ, एवढंच त्याला लागतं. आधी जांभळट-लालसर ठिपका पडतो, आणि मग त्यावर हळदीसारखी पिवळीधमक भुकटी फुटते. शेंडा वाकडा होतो, करपतो, गळतो. झाड पुन्हा पालवी काढतं, ती पुन्हा जाते. असं दोन-चार वर्षं चाललं की झाडातला साठा संपतो आणि झाड उभ्याउभ्या वाळतं. फूलच टिकत नसल्याने बी धरत नाही, आणि झाडाखाली नवं रोप उगवत नाही.

तिसरी गोष्ट. त्याचा वेग. थंडसर हवा, पंधरा ते पंचवीस अंशांचं तापमान, आणि रात्रभर ओलं पान मिळालं की बीजाणू रुजतो. दहा-बारा दिवसांत नवी भुकटी तयार. भुकटी वाऱ्याने जाते, मधमाशीच्या अंगाला लागून जाते, माणसाच्या सदऱ्याला, टोपीला, कात्रीला, टेम्पोच्या ताडपत्रीला लागूनही जाते.

कोकणातला पाऊस आणि थंडीतलं दव हे दोन्ही त्याच्या सोयीचे आहेत. घाटमाथ्यावर तर विचारूच नका.

जगात काय घडलं

कुणाला वाटेल, शेतकी खातं उगाच भीती घालतंय. म्हणून घडलेलं तेवढंच सांगतो.

जमैका बेटावर ऑलस्पाइस या मसाल्याच्या झाडांचा मोठा धंदा होता. १९३० च्या दशकात या तांबेऱ्याने त्या बागांचं अतोनात नुकसान केलं.

हवाई बेटांवर हा रोग २००५ साली दिसला. तिथे गुलाबजांभाची झाडं ओढ्याकाठी रानोमाळ वाढली होती. थोड्याच वर्षांत डोंगरच्या डोंगर करड्या खराट्यांसारखे दिसू लागले. गुलाबजांभ म्हणजे आपल्या जांभळाचा सख्खा चुलतभाऊ. आपलं जांभूळही तिथे आहे. त्यावर हा रोग येतो, मात्र गुलाबजांभाइतका मार त्याला बसलेला नाही. ही त्यातल्या त्यात दिलाशाची बाब.

ऑस्ट्रेलियात एप्रिल २०१० मध्ये न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावरच्या एका फूलशेतीत तो सापडला. सरकारने हालचाल केली, झाडं काढली, फवारण्या केल्या. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांना जाहीर करावं लागलं की आता हा रोग मुळापासून उपटणं शक्य नाही. आठ महिन्यांत लढाई हातची गेली. त्या किनाऱ्यावरच्या रानात पूर्वी सर्रास दिसणारी दोन झाडं, ऱ्होडॅम्निया रुबेसेन्स आणि ऱ्होडोमिर्टस सिडिऑइडिस, आज तिथे अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदली आहेत. कुऱ्हाड लागली नाही, वणवा लागला नाही. नुसत्या पिवळ्या भुकटीने ही अवस्था झाली.

न्यूझीलंड हा देश बाहेरची साधी भाजीही तपासल्याशिवाय आत घेत नाही. तिथेही २०१७ साली हा रोग पोहोचला आणि पुढच्याच वर्षी निर्मूलनाचा नाद सोडावा लागला. जपानात २००७ साली, चीनच्या हैनान बेटावर २००९ साली आणि पुढे इंडोनेशिया, सिंगापूर इथेही तो नोंदला गेला. म्हणजे आपल्या पूर्वेच्या अंगणापर्यंत तो आलेला आहे.

एक गोष्ट लक्षात आली का? यातल्या कुठल्याही देशाला हा रोग आल्यावर हाकलता आलेला नाही. म्हणून आबांच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे : "आलं म्हंजे बघू" म्हणायची सोय या रोगात नाही. जे काही बघायचं ते येण्याआधीच.

उसाने शिकवलेला धडा

हे आपल्याला पटायला जड जाऊ नये, कारण उसाने हेच शिकवलं आहे.

उसाचा तांबेरा १९७८ साली अमेरिकेच्या बाजूच्या बेटांत शिरला. क्युबामध्ये तेव्हा बी ४३६२ या एकाच जातीखाली फार मोठं क्षेत्र होतं. पुढच्या एक-दोन हंगामांत त्या देशाची दहा लाख टनांहून अधिक साखर बुडाली. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये क्यू १२४ ही जात राज्याच्या जवळपास निम्म्या क्षेत्रावर होती. २००० साली नारिंगी तांबेरा आला आणि ती जात बघता बघता मोडीत काढावी लागली. त्याही आधी, १८६९ साली सिलोनात कॉफीवर तांबेरा पडला आणि काही वर्षांत कॉफीचे मळे जाऊन तिथे चहा आला.

यातून दोन गोष्टी आपण शिकलो. एक, लागण परक्या जागेतून येते, तेव्हा बेणं कुठून आलं याची चौकशी करायची. दोन, सगळं रान एकाच जातीचं करायचं नाही.

शिकलो म्हणतो खरं, पण शिकताना आमच्या खात्यानेही ठेच खाल्ली आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. काही वर्षांपूर्वी बाहेरच्या भागात एक ऊस आमच्या नजरेत भरला. कांडी लांब, डोळा टपोरा. ना उष्णजल प्रक्रिया, ना बेणेमळ्याचा दाखला. जीपच्या मागे दोन मोळ्या टाकल्या आणि आपल्या प्रक्षेत्रावर आणून लावल्या. पहिल्या वर्षी वाहवा झाली. खोडव्यात काणीचे काळे चाबूक निघाले. बेटं खणून काढून जाळावी लागली, आणि शेजारच्या दोन सभासदांच्या फडातली काणीची बेटंही आम्हाला स्वतः जाऊन उपटावी लागली. त्यांनी तोंडावर काही म्हटलं नाही. पण बांधावर उभं राहून त्यांच्याकडे बघणं आम्हाला जड गेलं. दोन मोळ्यांचा मोह होता, दुसरं काही नव्हतं.

जांभळाच्या बाबतीत अशी ठेच खायला वाव नाही. उसाचं बेट उपटता येतं. रानातलं साठ फूट उंच झाड उपटता येत नाही आणि त्याच्या शेंड्याला पंपाची नळीही पोचत नाही.

बोईसरच्या रस्त्यावर जे दिसलं

बहाडोलीहून आम्ही बोईसरला गेलो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे बोईसर आता मोठं गाव झालंय. अणुवीज केंद्र १९६९ पासून आहे, कारखाने आहेत, नव्या इमारती उठताहेत, आणि प्रत्येक इमारतीपुढे बगीचा हवा आहे. साहजिकच रस्त्याकडेला रोपवाटिका उभ्या आहेत.

अशा एका रोपवाटिकेत आम्ही थांबलो. कुंपणासाठी लावतात ती तांबड्या कोवळ्या पानांची शोभेची झुडपं रांगेने मांडली होती. ही झुडपंही जांभळाच्याच जातकुळीची. शेजारी जामाची कलमं, बॉटलब्रश, आणि त्यांना टेकून बहाडोली जांभळाच्या पिशव्या. आम्ही विचारलं, "दादा, ही रोपं कुठली?" उत्तर आलं, "गाडी येते, उतरवून घेतो. कुठली ते मालकाला विचारा." मालकाला विचारलं, तर तो म्हणाला, "कलकत्त्याची असतील, आंध्राची असतील, काही बाहेरचीपण असतात."

त्या माणसाला दोष द्यायचा नाही. त्याला कोणी विचारलंच नव्हतं. घेणारा भाव विचारतो, उंची बघतो, पिशवी उचलतो आणि जातो. पण विचार करा, तिथून बहाडोली किती दूर? टेम्पोने तासाभराची वाट. परदेशातून आलेल्या एखाद्या कुंपणाच्या रोपावर ती पिवळी भुकटी असली, तर तिला वैतरणेकाठच्या शंभर वर्षांच्या झाडापर्यंत जायला एक गाडी आणि एक वाऱ्याची झुळूक पुरेल.

दुसरी बाब. तारापूरच्या उत्तरेला, डहाणू तालुक्यात वाढवण इथे मोठं बंदर होऊ घातलं आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. त्या बंदराविषयी मतं वेगवेगळी आहेत, मच्छीमार बांधवांचे प्रश्न आहेत, तो या लेखाचा विषय नाही. आपला मुद्दा एवढाच की जिथे जगभरचा माल उतरतो तिथे मालाबरोबर न बोलावलेले पाहुणेही उतरतात. ब्राझीलहून ऑस्ट्रेलियात गेलेल्या नीलगिरीच्या लाकडाच्या मालावर २००४ साली याच तांबेऱ्याचे जिवंत बीजाणू सापडले होते.

आपल्या देशात यासाठी कायदा आहे. १९१४ च्या कीड-रोगविषयक कायद्याखाली २००३ साली वनस्पती आयातीचा आदेश निघाला. त्यानुसार परदेशातून रोप, कलम, बी आणायचं तर आधी परवाना लागतो, तिकडच्या सरकारचा रोगमुक्ततेचा दाखला लागतो, आणि इथे क्वारंटाइन केंद्रात तपासणी होते. पण कायदा बंदरावर आणि विमानतळावर उभा असतो. ओल्या फडक्यात गुंडाळून बॅगेत आणलेल्या फांदीला तो दर वेळी पकडू शकत नाही. तिथे आपली आपणच अक्कल वापरायची.

"पालघरचं पालघरला, आमचं काय?"

परतीच्या गाडीत हा प्रश्न निघालाच. त्याला तीन उत्तरं आहेत.

एक, आपल्याकडेही जांभूळ आहे. ओढ्याकाठी, विहिरीवर, देवळामागे. पेरूच्या बागा आहेत, बांधावर नीलगिरी आहे. तांबेऱ्याला जिल्ह्याची हद्द कळत नाही.

दोन, आपलं पाणी. कृष्णा, कोयना, वेण्णा या महाबळेश्वराच्या माथ्यावर उगम पावतात. तिथलं जुनं रान मुख्यतः जांभूळ, अंजनी आणि पिसा या झाडांचं आहे. पावसाचं पाणी धरून ठेवून सावकाश झिरपू देणारं हेच रान. घाटावरच्या रानांत जांभळाच्या भाऊबंदकीतल्या कितीतरी जाती आहेत आणि त्यातल्या काही जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. आपण सरीत जे पाणी सोडतो त्याची सुरुवात त्या झाडांच्या मुळाशी होते. ही गोष्ट पाटाच्या तोंडाशी उभं राहिल्यावर आठवत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

तीन, कलमं आपणच आणणार आहोत. पालघरची, बोईसरची, आणखी कुठली. रोगाची वाट आपल्याच टेम्पोतून जाऊ शकते, जायची आणि यायची दोन्ही.

ओळखताना गफलत नको

आता पाठातला सर्वांत उपयोगाचा भाग. जांभळावर लाल-पिवळं काही दिसलं की तो हाच रोग, असं समजून धावाधाव करू नका. आपल्याकडे नेहमी दिसणाऱ्या चार गोष्टी आधी वगळा.

१. कोवळी पालवी. जांभळाची नवी पालवी मुळातच तांबूस, चकचकीत असते. बोट फिरवून पाहा. भुकटी लागत नसेल तर ते झाडाचं बाळसं आहे, रोग नव्हे.

२. शेवाळाचे डाग. दमट हवेत आंबा, पेरू, जांभूळ यांच्या जून पानांवर नारिंगी, मखमली, गोल डाग पडतात. बरेच लोक यालाच तांबेरा म्हणतात. हा बुरशीचा रोग नाही, एका जातीचं शेवाळ आहे. डाग जून पानावर, बहुधा वरच्या बाजूला असतो. शेंडा चांगला असतो.

३. करपा. तपकिरी-काळे डाग, पान किंवा फळ कुजल्यासारखं. पिवळी भुकटी नाही.

४. फळमाशी. फळात अळी. पानाचा संबंध नाही.

आणि खरा संशय कधी घ्यायचा? कोवळ्या पानावर, कळीवर किंवा हिरव्या फळावर हळदीसारखी पिवळी भुकटी, भोवती जांभळट कडा, आणि शेंडा वाकडा होऊन करपलेला, ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली तर. जाम, गुलाबजांभ आणि शोभेच्या कुंपणावर ती आधी दिसण्याचा संभव जास्त. म्हणून जांभळाच्या आधी त्यांच्याकडे लक्ष ठेवा.

आपण काय करायचं

१. कलम घेताना मातृवृक्ष कुठला, रोपवाटिका नोंदणीकृत आहे का, हे दोन प्रश्न विचारा. उत्तर मिळालं नाही तर पिशवी खाली ठेवा. बेण्याला विचारता, तसंच.

२. परदेशी गेलेल्या मुला-नातवंडांना बजावून सांगा : येताना झाडाची फांदी, रोप, फुलांचा गुच्छ आणू नका. आणायचंच असेल तर परवान्याने.

३. आणलेली कलमं थेट बांधावर लावू नका. महिनाभर वेगळी, जुन्या झाडांपासून लांब ठेवा. एक-दोन पालव्या डोळ्यांखाली फुटू द्या. पालवी निरोगी निघाली की मग लावा.

४. सगळी लावण एकाच वाणाची करू नका. 'कोकण बहाडोली' जरूर लावा, पण सोबत आपल्या ओढ्याकाठच्या चांगल्या गावठी झाडांची रोपंही लावा. एका वाणाची सगळी कलमं सारखीच सशक्त आणि सारखीच दुबळी. कोणत्या गावठी झाडात तांबेऱ्याला दाद न देण्याची ताकद असेल हे आज बाहेरून दिसत नाही. तेच झाड उद्या उपयोगी पडायचं.

५. म्हणूनच जुनं जांभूळ तोडू नका. रस्ता रुंद करताना, शेत सपाट करताना ते आड येत असेल तर आधी गट कार्यालयात बोला. निदान त्याचं बी, त्याची कलमकाडी राखता येईल.

६. एका बागेतून दुसऱ्या बागेत जाताना कात्री-कोयता पुसून घ्या, कपडे झटका. तोडणीच्या टोळ्या फडाफडातून फिरतात तेव्हा काय होतं हे आपण पाहिलंच आहे.

७. संशय आला तर फांदी तोडून, खिशात घालून तालुक्याला आणू नका. या रोगात नमुना दाखवायला नेणं म्हणजेच तो वाटत जाणं. झाड तिथेच राहू द्या, मोबाइलवर जवळून दोन-तीन फोटो काढा, जागा नोंदवा, हातपाय धुवा, कपडे बदला, आणि गट कार्यालयाला किंवा तालुका कृषी अधिकाऱ्याला कळवा. पालघर भागात असाल तर कोसबाड हिलचं कृषी विज्ञान केंद्र आणि पालघरचं कृषी संशोधन केंद्र आहे. नमुना कसा न्यायचा ते त्यांना ठरवू द्या.

८. कळवलेलं खोटं ठरलं तर हसं होईल, ही लाज बाळगू नका. शंभर खोट्या वर्द्या चालतील. खरी एक राहून गेली तर चालणार नाही.

उजळणी

गट बैठकीत हे प्रश्न एकमेकांना विचारा. घरातल्या शाळकरी मुलांनाही विचारा, ती आपल्यापेक्षा लवकर शिकतात.

१. हा तांबेरा झाडाच्या कोणत्या भागावर येतो आणि कोणत्या भागावर येत नाही?
२. जून पानावरचा नारिंगी मखमली डाग कशाचा?
३. आपल्या बांधावर, परसात या कुळातली कोणकोणती झाडं आहेत? मोजून सांगा.
४. बाहेरून आणलेलं कलम किती दिवस वेगळं ठेवायचं आणि का?
५. संशयित फांदी तोडून का न्यायची नाही?

आम्ही आणलेली कलमं आज आपल्या प्रक्षेत्राच्या एका कोपऱ्यात, जांभळापेरूपासून लांब, जाळीखाली ठेवली आहेत. पहिली पालवी निरोगी निघाली आहे. दुसरी निघाल्यावर मागणी नोंदवलेल्या सभासदांना गटवार वाटप होईल. "अजून किती दिवस?" असं विचारत रोज कोणी ना कोणी येतं. उशीर होतोय हे खरं. पण दोन मोळ्यांची घाई आम्हाला एकदा महागात पडली आहे, म्हणून या वेळी सभासदांनी थोडा धीर धरावा, ही विनंती.

आबांनाही एक कलम राखून ठेवलं आहे. "माझ्या हयातीत कुठलं फळ लागतंय," असं ते म्हणाले. आम्ही त्यांना बहाडोलीच्या काकांचं उत्तर सांगितलं. थोडा वेळ ते गप्प राहिले, मग म्हणाले, "मग दोन द्या. एक बांधाला, एक देवळामागं."

जय सहकार.

— शेतकी विभाग